आधी ग्रंथसूची

२ ऑक्टोबर २०००, सकाळी ७
सुट्टी. पीएच.डी. पूर्ण करायची म्हणजे करायचीच. अठ्ठावीस फेब्रुवारीला रजिस्ट्रेशन संपतंय, त्याच दिवशी गाइड प्रमोदिनीबाई रिटायर होतायत. आता मुदतवाढ नाही, असं त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं. पाच महिने, पाच प्रकरणं. महिन्याला एक. सोपं आहे.

दुपारी १२
लिहायला बसलो. विषय: पानिपतचे हातमाग. (लढाई नव्हे. नातेवाइकांना सांगून थकलो.) पहिल्याच वाक्याला संदर्भ द्यावा लागला. आडनाव आधी की साल आधी? हे ठरवल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे निव्वळ बेशिस्त. वरच्या मजल्यावरचा यशोधन गुडगावात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, काका, यासाठी सॉफ्टवेअर मिळतं यार, बटण दाबलं की सूची तयार. चलो. आधी सॉफ्टवेअर, मग थीसिस.

१५ ऑक्टोबर
तीन सापडली. अ, ब आणि क म्हणू. तिन्ही तीस दिवस फुकट. विनयाचं म्हणणं, कुठलंही एक घे आणि लिहायला लाग. पहिलीच्या पोरांना शिकवून शिकवून बायकोचा स्वभाव उतावळा झालाय. मी तुलनात्मक तक्ता करायला घेतला.

१९ नोव्हेंबर
तीस दिवस संपले. तक्ता अर्धाच. यशोधनने कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला, आणखी तीस दिवस मिळाले! त्यात पहिलं प्रकरण उडालं. चारच पानं होती, पाठ होती. परत लिहिली.

३ डिसेंबर
काल दिवसभर इंटरनेट चालू, म्हणजे फोन बंद. सासूबाईंना वाटलं आमच्याकडे काहीतरी झालं. मेहुणा पुष्कर दिल्लीच्या थंडीत पार हिंदूरावहून आमच्या द्वारकेपर्यंत स्कूटरवर आला. त्याला 'ब' कसं चालतं ते दाखवलं. चहा न घेताच गेला.

७ जानेवारी २००१
पानिपतला जाऊन विणकरांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. धुकं. गेलो नाही. शिवाय मुलाखतीचा संदर्भ कसा द्यायचा याबद्दल 'क' काहीच धड सांगत नाही. मग जाऊन उपयोग काय?

१२ फेब्रुवारी, रात्री ९
निर्णय झाला. 'ब'! (यशोधनने तिसऱ्यांदा फॉरमॅट केलं, जरा तोंड वाकडं करूनच.) तीनशे चाळीस पुस्तकं भरली, बटण दाबलं. बावीस पानं! एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. भरूनच आलं मला. विनयाला हाक मारून दाखवलं. तिने विचारलं, यातली वाचलीस किती? असले प्रश्न फक्त घरचीच माणसं विचारतात.

२८ फेब्रुवारी
बावीस पानं घेऊन युनिव्हर्सिटीजवळच्या टायपिंग-बाइंडिंगवाल्याकडे गेलो. म्हटलं, तो टाइप करेल, मी शेजारी बसून प्रकरणं सांगत जाईन. डोक्यात सगळं बिल्कुल तयार आहे. त्याने सूची उलटीपालटी करून बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाला, साहब, ये नहीं चलेगा, युनिव्हर्सिटी का अपना फॉरमॅट है. रजिस्ट्रेशनच्या वेळी एक पान देतात म्हणे. ते मी कधी आणलंच नाही. वीस वर्षं तो हेच करतोय. लोक नुसत्या चिठ्ठ्या आणून देतात, सूची तो एका दुपारी लावून देतो. मग हात पुढे करून म्हणाला, बाकी थीसिस दीजिए.
चार पानं दिली.
त्याने विचारलं, और? मी म्हटलं, आणतो. बस स्टॉपवर जाऊन बसलो. पाच वाजता ऑफिस बंद झालं असणार.

१ मार्च
विनयाला सांगितलं. म्हटलं, सॉफ्टवेअरने घात केला. तिने विचारलं, किती पानं झाली होती, खरं सांग. चार म्हटलं. तिला हसू आलं. थांबेचना. मग डोळे पुसत म्हणाली, सात वर्षं या घरात कुणी मोठ्याने टीव्ही लावला नाही रे. आल्यागेल्याला मी दारातच सांगते, हळू बोला, आत थीसिस चाललाय. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आतून लेकीने, कृतिकाने विचारलं, आई, आता आवाज मोठा करू?
विनया म्हणाली, कर.