यशश्रीच्या उतरण्याची सोय

१ डिसेंबर, सकाळ
बडोद्यात फॅशन वीक! आणि त्यात आमच्या यशश्रीचे कपडे. मुंबईला इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी डिझाइन करत होती, आता स्वतःचं नाव लागणार. काल फोन आला. म्हणाली, पप्पा, मी, दोन मॉडेल आणि एक मेकअपवाली येतोय, व्हेन्यूजवळची हॉटेलं बघून ठेवाल का? कोयलीच्या रिफायनरीत जन्मभर इन्स्पेक्शन केलं, मला हॉटेलाचं काय कौतुक!
लग्नकार्याशिवाय पोरगी घरी राहायला आलेली नाही. त्याचा इथे काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

२ डिसेंबर
इन्स्पेक्शन पूर्ण.
सयाजीगंजचं हॉटेल: लिफ्टमध्ये आरसा. मॉडेल लिफ्टमधून बाहेरच येणार नाहीत. नापास.
अलकापुरीचं: साबण एवढासा. नापास.
फतेगंजचं: व्हेन्यूच्या अगदी समोर. जागा समोर असली की माणूस उशिरा उठतो. नापास. शिवाय रिसेप्शनवरच्या पोरानं मला विचारलं, काका, रूम जोईए छे के वॉशरूम?
निष्कर्ष: सबंध शहरात राहण्यालायक जागा एकच. हरणीला, आमचं घर. माझा नाइलाज आहे.

३ डिसेंबर
वरच्या खोलीत चार गाद्या घातल्या. शनिवारी मटण. नलिनी म्हणते, मॉडेल मुली मटणाला हात लावत नाहीत. मी म्हटलं, अजून आपलं मटण त्यांनी पाहिलेलं नाही.
यशश्रीला विचारलंत का, असंही म्हणाली. सरप्राइज विचारून द्यायचं असतं का? लग्नाला एवढी वर्षं झाली, हिला माझं प्लॅनिंग कळत नाही.

४ डिसेंबर, दुपार
यशश्रीला सांगितलं. काय, म्हणून ओरडलीच. आनंदानं असेल. मग म्हणाली, रिहर्सल संपायला साडेअकरा होणार आणि तुमच्या सोसायटीचं गेट दहाला बंद होतं ना?
होतं. नियम माझाच. सेक्रेटरी झाल्यावरचं पहिलं काम. दहा वाजले की वॉचमन आतून कुलूप लावतो आणि एकुलती एक चावी आमच्या दाराखालून घरात सरकवतो. म्हणजे कोणी त्याला चहापाणी देऊनही उपयोग नाही. अशी सिस्टिम अख्ख्या हरणीत सापडणार नाही.
तरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, पाहुण्यांसाठी दोन दिवस सवलत असावी. समोरच्या किरीटभाईंचं लगेच उत्तर: नियम तो बधा माटे सरखो, सेक्रेटरीसाहेब. म्हणे सगळ्यांना सारखा! खाली अंगठ्यांची रांग. नवरात्रात त्यांचा जावई गरब्याहून उशिरा आला आणि त्याला गेटबाहेर गाडीत झोपावं लागलं, ते मनात ठेवलंय. माणसानं इतकं कोतं असू नये.
उपाय: आयोजकांना फोन करून रिहर्सल नऊला संपवायला सांगणे.

५ डिसेंबर
आयोजकांनी फोन ठेवला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.
यशश्रीनं स्वतःच हॉटेल बुक केलं. फतेगंजचं! मी नापास केलेलं! आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. मग ठरवून पुन्हा राग आणला, तो सोसतो.

६ डिसेंबर, दुपार
सगळ्याजणी आल्या, थेट हॉटेलात. चंदेरीच्या कोटांचे काठ उसवले म्हणून नलिनीला हातशिलाईसाठी बोलावलं. ती सुईदोरा आणि गाऊन घेऊन निघाली. गाऊन कशाला, विचारलं. म्हणाली, दहानंतर मला तरी कोण आत घेणार?
घरात मी, चार गाद्या आणि पातेलंभर मटण. संध्याकाळी डबा देऊन येईन. देऊन लगेच परत. राहण्याचा प्रश्नच येत नाही.

७ डिसेंबर, दुपार (हॉटेलच्या कागदावर. वही घरी आहे.)
काल रिसेप्शनवरच्या पोरानं मला वर सोडलं नाही. मी वडील आहे म्हटलं. तो म्हणाला, नियम छे, काका. नियम चांगलाच आहे, पण माणूस बघून लावावा.
लॉबीत बसून राहिलो. रिहर्सलच्या मधल्या सुट्टीत, नऊच्या सुमारास मुली आल्या आणि तिथेच डब्यावर तुटून पडल्या. मॉडेलनी नळ्या चोखल्या. यशश्रीनं रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला. लहानपणी प्यायची तसाच. बघत बसलो, घड्याळाकडे लक्ष गेलं नाही.
हरणीला पोचलो तर गेटला कुलूप. वॉचमन आतून म्हणाला, साहेब, चावी तो तमारा घरमां नाखी दीधी, नियम प्रमाणे. घराचं दार ओढलं की आपोआप लागतं. माझी किल्ली आत राहिलेली. दुसरी नलिनीच्या पर्समध्ये, फतेगंजला.
परत हॉटेल. यशश्री खाली आली, म्हणाली, पप्पा, आता कुठे जाताय, इथेच झोपा. त्या पोरानं माझं आधार कार्ड घेतलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलं: हिंमतराव, एक्स्ट्रा पर्सन.
खाली गादी टाकून दिली. एका बाजूला नलिनी, दुसऱ्या बाजूला यशश्री घोरतेय. शाळेत असल्यापासून घोरते. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. साडेआठला उठलो. फतेगंजच्या हॉटेलबद्दलचं माझं निरीक्षण अचूक होतं.
मोबाइलवर मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. सगळी सोसायटी आत कोंडलेली, दूधवाला बाहेर. शेवटी हातोडीनं कुलूप तोडलं. कोणी, तर किरीटभाईंच्या जावयानं. ग्रुपवर ठराव झालाय: नियम रद्द, सेक्रेटरीही रद्द. अंगठे मोजले नाहीत.
काही बिघडत नाही. यशश्रीला म्हटलं, आता गेटचा प्रश्न मिटला, शो झाला की सगळ्याजणी घरी चला. ती म्हणाली, पप्पा, शो झाला की आमची रात्रीची गाडी आहे.

९ डिसेंबर
शो छान झाला. चंदेरीचे कोट बघून लोक उठून उभे राहिले. मी आधीपासून उभाच होतो.
गेट आता रात्रभर सताड उघडं असतं. काल बारापर्यंत खिडकीतून बघत होतो. सुरक्षेच्या दृष्टीनं. कोणी आलं नाही.
वरच्या गाद्या काढू का, नलिनीनं विचारलं. राहू दे म्हटलं. आधी उन्हात घालायला हव्यात.