मायच्या अंगातलं वारं

प्रिय कृष्णादादा,

माय बरी आहे. खुब्यात घातलेला रॉड नीट बसलाय. इथल्या शहागंज बाजारातून आणलेला वॉकर धरून ती माझ्या शहरातल्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि जिन्याकडं बघून परत फिरते. फोनवर तू दर वेळी एवढंच विचारतोस, म्हणून ते आधी सांगून टाकलं. बाकीचं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

मायला पहिल्यांदा गरगरलं तेव्हा ती गोठ्यात शेण काढायला वाकली होती. उठली ती भिंत धरून डोलायलाच लागली, बुबुळं थरथरत होती. पुंजारामकाकांनी बाहेरून पाहिलं आणि हात जोडले, "भागूबाईच्या अंगात वारं आलं!" मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तू म्हणालास, "घरातली पहिली ग्रॅज्युएट! आता देवीलाबी गोळी देती का?" सगळे हसले, मायसुद्धा. मग दर मंगळवारी ओट्यावर पाट मांडला जाऊ लागला. कन्नडहून जीपा भरून माणसं येऊ लागली. ज्या मायला घरात भाजी काय करायची हेही कुणी विचारत नव्हतं, तिला लोक पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारू लागले. नियम तेवढा तू घातलास: वारं आलं की तिच्या अंगाला हात लावायचा नाही.

म्हणून चैत्रात ती ओट्यावरून कलंडली तेव्हा अंगणभर माणसं असून एकही पुढं झालं नाही. एस.टी.तून उतरून मी येत होते, मला लांबूनच दिसलं. सगळ्यांचे हात जोडलेले होते, दादा. तुझेही.

ऑपरेशननंतर मी तिला इथं आणलं, तर पलंगावर कूस बदलली तरी तिला तसंच गरगरायचं. इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला निजवलं, डोकं एकीकडं वळवलं, मग दुसरीकडं, मग हळूच उठवून बसवलं. कानातले बारीक खडे जागचे सरकले होते, म्हणाल्या. चहा निवायच्या आत तुमची देवी गेली. हाडं मात्र ठिसूळ झालीत. पुन्हा पडली तर दुसरा खुबाही जाईल. मी आनंदानं तुला फोन केला, तर तू म्हणालास, "गावात बोलू नको."

निदान माय तरी खूश होईल असं मला वाटलं होतं. ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली. संध्याकाळी म्हणाली, "लई शिकलीस बाई. आता मला कोण काय इचारील?" मी म्हटलं, मी विचारते की. "व्हय, गोळी घेतली का तेवढं इचारतीस."

घटस्थापनेला तू तिला गावी न्यायला जीप घेऊन येणार, हे मला मायकडून कळलं. तिची पिशवी भरून झालीय. जीप परत पाठवीन, गावी येऊन अंगणात उभी राहून सगळ्यांना खरं सांगीन, असं मी ठरवलं होतं. पण काल तपासणीला नेलं तर ती डॉक्टरीणबाईंचा हात धरून हळूच म्हणाली, "मला पयल्यासारखं करून द्या." बाईंना गंमत वाटली. मला नाही. ते खडे पुन्हा सरकू शकतात, आणि नाही सरकले तरी तुमच्यासमोर पाटावर बसली की ती डोलेल. मी तिला अडवत नाही, अडवून ती इथंही भिंतीकडंच बघत बसेल. पण ती डोलली की या खेपेला हात जोडू नकोस. तिला धर.

अजून तरी तुझीच,
तनुजा