अभिनंदनाच्या ठरावानंतर

२४ जून
बोलले एकदाची.
अंगणवाडी सुटली तशीच ग्रामसभेला गेले. घरी जाऊन युनिफॉर्मची साडीसुद्धा बदलली नाही. विषय एकच, बजेटमध्ये बायकांचे महिन्याचे पैसे चालू ठेवले म्हणून सरकारच्या अभिनंदनाचा ठराव. खुर्चीत सरपंचबाई, बोलत होते त्यांचे मालक दत्ताशेठ. नेहमीचंच. "माताभगिनींनी हात वर करा." सगळ्यांनी केले. माझा जाईना. "मॅडम, हात दुखतोय काय?" म्हणून हसले, मग सगळी सभा हसली. तिथं माझं डोकं फिरलं.
उठले आणि म्हणाले, पैसे देताय ते चांगलंच आहे, आमच्या बायकांना त्याचा आधार आहे. पण त्याच बजेटात पोरांच्या शाळेतल्या जेवणातलं अंडं गेलं. आरोग्य उपकेंद्राला कुलूप आहे. अंगणवाडी अजून दुसऱ्याच्या पडवीत भरतीय, पाऊस आला की पोरं भिंतीला चिकटून बसतात. आईच्या खात्यात टाकायचं आणि पोराच्या ताटातनं काढायचं, घर तर एकच आहे ना? नुसत्या टाळ्या कशाला वाजवायच्या, ठरावात हेपण लिहा.
ग्रामसेवक कागदात डोकं घालून बसले. ठराव टाळ्यांनी मंजूर. माझं एक अक्षर त्यात नाही.

२५ जून
क्लिप फिरतीय. सकाळपासून गावच्या ग्रुपवर, दुपारी शेजारच्या रिहे गावात, संध्याकाळी पार भरे गावात. ह्यांनी कंपनीतनं फोन केला. "काय बोलून बसलीस?"
बघितली. पुढचं कापलं, मागचं कापलं. "आईच्या खात्यात टाकायचं" पासून "कशाला वाजवायच्या" एवढंच. वर लाल अक्षरात, बायकांचे पैसे बंद करायला निघालेली सेविका. पैसे देताय ते चांगलंच आहे, हे वाक्य कुठं गेलं? कापणाऱ्याला शोधून काय करणार म्हणा. सगळ्यांच्या हातात मोबाईल होते.
तोंड बघवत नाही त्यात माझं. कपाळाला आठ्या, हात हवेत. भांडखोर दिसते. असेनही.

२८ जून
आक्का बोलली आज. थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. तीन दिवस नुसती भांडी आपटत होती.
"तुला मानधन मिळतंय, नवऱ्याचा पगार हाय. माज्या पैशावर कशापायी डोळा गं तुजा?"
म्हटलं आक्का, क्लिप अर्धी आहे, मी तसं...
"पन्नाशी आली माजी. पयल्यांदा माज्या नावावर कायतरी येतंय. गुडघ्याच्या गोळीसाठी ह्यांच्या तोंडाकडं बघत बसावं लागत न्हाई. तुला काय कळायचं त्यातलं."
आणि आत गेली. राग आला. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, ते कळलं तेव्हा जास्तच आला.

१ जुलै
सुपरवायझर मॅडम आल्या. पोरांची वजनं बघितली, रजिस्टर बघितलं, मग पर्समधनं नोटीस काढली. शासनाच्या गणवेशात असताना जाहीर सभेत शासनाच्या धोरणावर टीका केली, तरी सेवा समाप्त का करू नये, खुलासा द्या.
मॅडम वाईट नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "रंजनाताई, घरी जाऊन साधी साडी नेसून गेला असतात तर गावातली एक बाई बोलली असं म्हणता आलं असतं मला. युनिफॉर्मवर कशाला गेलात?"
कशाला म्हणजे? अंगणवाडी सुटायला आणि सभा सुरू व्हायला एकच गाठ पडली. आणि खरं सांगायचं तर युनिफॉर्मवर असले की गावात चार लोक ऐकून घेतात, तीही सवय लागलीय. ती नडली.
सही करून नोटीस घेतली. पोरं बघत होती. सगळ्यात बारकी म्हणाली, "बाई, तुमाला पण अभ्यास दिला?"
ही नोकरी गेली तर काय करायचं? मला दुसरं काही येत नाही. आणि दुसरं काही करावंसंही वाटत नाही.

३ जुलै
दत्ताशेठ घरी. चहा घेतला, साखर कमी सांगितली. अगदी गोड.
"मॅडम, आपल्याच गावच्या तुमी. वरती माजा शब्द चालतुया. एक बारका व्हिडिओ करा. चुकलं म्हणू नका, गैरसमज झाला म्हणा. आन् सरकारचं आभार. नोटीस जितल्या तितं जिरंल."
ह्यांनी लगेच मान हलवली. शेठ गेल्यावर म्हणाले, "करून टाक. दोन वाक्यं तर हायेत." म्हटलं, तुमच्या तोंडून जायची असती तर दोनच, माझ्या तोंडून नाहीत. मग वाजलं आमचं. जेवण तसंच झाकून ठेवलं.

६ जुलै
पाऊस चांगला लागलाय. खोऱ्यात सगळीकडं लावणी. आमच्यात सावड असते, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या, सगळ्या बायकांनी मिळून भात लावायचा. मजुरी नाही, फेड कामाचीच. मीही अंगणवाडी उरकून दुपारनं जातेय, यंदा कुणाचीच पाळी चुकवली नाही. चिखलात ओळीनं वाकलेल्या, एरवी तोंडं मिटत नाहीत. यंदा मी ओळीत शिरले की गप्प. गाणी पण नाहीत. माझ्या डाव्या-उजव्या अंगाला वीतभर जागा जास्त सोडतात. रोपं नीट लावत राहिले. दुसरं काय करणार.
परवा आमचा नंबर.

८ जुलै
कुणी आलं नाही.
रजा टाकून सकाळी वावरात गेले. रोपाच्या मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या. वाट बघितली. खालच्या वावरातनं आवाज आले, आमचा नंबर सोडून पुढच्या घरी गेल्या होत्या सगळ्या. आक्का पण. भांडण झालं तरी सावड मोडत नाही आमच्यात. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या पण एका ओळीत लावणी करतात. नोटिशीला मी रडले नव्हते. आज बांधावर बसून रडले, लाज न धरता.
दोघांनी मिळून एक खाचर उरकलं. हे कंबर धरून म्हणाले, "अजून बी वेळ गेली न्हाई, रंजना. कर तो व्हिडिओ. रोप पिवळं पडंल."
हो म्हणाले.

९ जुलै
ओटीवर उभी राहिले, ह्यांनी मोबाईल धरला. "नमस्कार, मी रंजना. त्या दिवशी माझा गैरसमज..." पुढं जाईना. पुन्हा. पुन्हा तिथंच अडले. गैरसमज कसला? अंडं आहे का ताटात? कुलूप निघालं का?
आक्का दारात उभी होती, केव्हापासनं कोण जाणे. म्हणाली, "काय चाललंय?" ह्यांनी सांगून टाकलं सगळं, नोटीस, शेठ, सगळं. नोटीस तिला माहीत नव्हती.
"त्या दिशी खरं काय म्हणलीस तू? मी बाहेर हुते, टाळ्याच आयकल्या."
सांगितलं. पहिल्यापासनं, पैसे देताय ते चांगलंच आहे हे धरून. शेवटी तिनं विचारलं, "आन् ती आंडी खरंच बजेटातनं काढली? माजी नात म्हणती आमच्या शाळंत आता देत न्हाईत. मला वाटलं मास्तर खातोय."
मला हसू आलं, तिलापण. लगेच तोंड पाडून निघून गेली.
व्हिडिओ केला नाही. हे बोलत नाहीत.

१० जुलै
आक्का वावरात आली. एकटीच, पदर खोचून. "तुजी पाळी फेडायची ऱ्हायलीय माज्याकडं," एवढंच. दिवसभर माझ्या शेजारी लावलं. गुडघा धरून उठायची आणि पुन्हा वाकायची. गोळी घेतलीस का म्हटलं, तर म्हणाली, "तुज्या सरकारच्या पैशाची हाय, घेतली."
बाकीच्या आल्या नाहीत. दोन खाचरं अजून तशीच आहेत.

१४ जुलै
खुलासा दिला. चार ओळी. मी जे बोलले ते पूर्ण ऐकावे, त्यात खोटे काही नाही, गणवेश बदलायला हवा होता हे मान्य. मॅडमनी वाचला. "ताई, हे मी पुढं पाठवलं की माझ्या हातात काही राहत नाही." म्हटलं पाठवा. आवाज बरा निघाला.
दत्ताशेठ रस्त्यात भेटले, नमस्कार नाही.

१९ जुलै
उत्तर नाही अजून. अंगणवाडी नेहमीसारखी. पोरांना बडबडगीत शिकवताना मधेच वाटतं, हे अजून किती दिवस.
दुपारी आक्का आली. उंबऱ्यातच उभी. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अंड्याचं नि कुलपाचं ती विचारणार म्हणे. "मी काय नोकरीला न्हाई. माजी साडी माजीच हाय. मला कोण नोटीस देतंय?" जोरात बोलली, मागच्या घरांना ऐकू जाईल इतकं. मला एवढं बरं वाटलं की तिचा हातच धरला.
मग आवाज खाली आणला. माझ्याजवळ येऊन विचारलं, "पर रंजे, खरं सांग. मी बोलले तर माजं पैसं बंद करतील का गं?"
तसा नियम नाही, हे मला माहीत आहे. पण सावड मोडत नाही हेही मला माहीत होतं, म्हणून ठाम नाही म्हणता येईना. ती माझ्याकडं बघत उभी होती.