बाईंचं पहिलं हॉस्पिटल

प्रिय आई, तुला वाकून नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, डबाही वेळेवर खाते. पण काल जे ऐकलं, त्याने अजून सुन्न आहे.

आमच्या ऑफिसच्या बाई म्हणजे इथल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट. त्यांनी बांधलेलं पहिलं बाळंतपणाचं हॉस्पिटल जपून ठेवावं, म्हणून सभा होती. बाई उठून म्हणाल्या, "ते पाडा. बाळंतपणाच्या खोलीपासून ऑपरेशनची खोली मी फार लांब, वरच्या मजल्यावर काढली. एक बाळंतीण वाटेतच गेली."

अध्यक्षांनी विचारलं, "मग चाळीस वर्षं गप्प का राहिलात?"

"बोलले असते, तर बायकांना हे काम जमत नाही, असं लोक म्हणाले असते. मागून येणाऱ्या मुलींना कोणी दारात उभं केलं नसतं." एवढं बोलून बाई खाली बसल्या.

आई, त्या मुलींमधलीच मी एक. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांना एकटं सोडवतही नाही. मीच त्यांना घरी पोचवलं.

ताईचे दिवस भरत आले ना? तिच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची खोली त्याच मजल्यावर आहे का, एवढं स्वतः जाऊन बघ. तिला कारण सांगू नकोस.

तुझी,
धाकटी