धाकट्याचा दाखला

४ मार्च २००८

आज चागो बोलला एकदाचा. तीन आठवडे नुसता घुटमळत होता. कॉफी संपली तरी कप खाली ठेवेना. म्हणाला, "नेरेइदा, तुझ्या विल्किनचा हात म्हणजे सोनं आहे. पण वय एकोणीस. एकोणीसच्या हाताकडे अमेरिकेचे क्लबवाले ढुंकून बघत नाहीत. तोच हात सोळाचा असला ना, तर धावत येतील."

मी म्हटलं, "मग काय, परत पोटात घालू त्याला?"

फाउस्तो हसला नाही. माझ्या असल्या बोलण्यावर माझा नवरा नेहमी हसतो. आज जमिनीकडे बघत बसला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

चागो हळूच म्हणाला, "धाकट्याचा जन्मदाखला आहे ना अजून घरात?"

एलियास! बारा वर्षांत बाहेरच्या कुणी ह्या घरात त्याचा विषय काढला नव्हता. चागो पोरांना बेसबॉल शिकवायला ह्या वस्तीत आला त्याला पाचच वर्षं झाली. त्याला कुठून कळणार? फाउस्तोने सांगितलं.

चार वर्षांचा होता. सप्टेंबरातला ताप. तिसऱ्या दिवशी गेला, चौथ्या दिवशी पुरला. कचेरीत जाऊन मृत्यू लिहून यायचा होता. फाउस्तो म्हणाला जाईन. गेला नाही. मीही मागे लागले नाही — तो कागद मला नकोच होता.

त्यामुळे सरकारच्या वहीत माझा एलियास जिवंत आहे. जूनमध्ये सोळाचा होईल.

५ मार्च

मी नाही म्हटलं.

६ मार्च

मला कुणी विचारलंच नव्हतं, असं दिसतंय.

९ मार्च

फाउस्तो दिवसभर समजावत होता. "साखर कारखाना बंद पडून किती वर्षं झाली? पोराला काय भाड्याच्या मोटारसायकलवर बसवू? लोकांना बाजारात सोडत फिरेल नि एक दिवस ट्रकखाली येईल. त्याचा हात उशिरा आला, हा त्याचा गुन्हा का?"

ते खरंच आहे. सोळाव्या वर्षी विल्किन नुसती काडी होता. सतराव्यात खांदे भरले, आणि चेंडू असा सुटायला लागला की पलीकडे झेलणाऱ्याचा तळवा सुजायचा. एका वर्षाने चुकला बिचारा.

त्यालाच विचारलं. तू बोल. म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." मग भांडी घासायला माझ्याशेजारी उकिडवा बसला. "आई, मला दुसरं काही येत नाही गं."

मी पुढचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

१७ मार्च

तालीम सुरू झाली. चागो रोज दुपारी येतो नि आम्हाला शाळेतल्यासारखं रांगेत बसवतो. मुलाचं नाव? एलियास. जन्म? अकरा जून ब्याण्णव. मोठा मुलगा? विल्किन. कुठे असतो?

इथे मी अडकते.

उत्तर पाठ करायचं आहे — तो दोन वर्षांपूर्वी चोरट्या बोटीतून समुद्रापलीकडे पोर्तो रिकोला निघाला, त्यानंतर पत्ता नाही.

"पुन्हा सांग. आवाज नको कापायला," चागो म्हणतो. "किंवा कापू दे. आईचा कापेलच."

दारिएला नऊ वर्षांची. भावाला बरोबर हाक मारली की तिला गोळी मिळते. आज सहा गोळ्या मिळाल्या. हे सगळं कुणाला सांगायचं नाही, हेही तिने पाठ केलंय. एलियास कोण, तिला माहीतच नव्हतं. तिच्या जन्माआधीची गोष्ट. विचारत होती, "हे नाव कुणी काढलं शोधून? छान आहे."

३० मार्च

बाजारात गर्दीत विल्किन पुढे गेला. मी हाक मारली, त्याच्या नावाने. वळला नाही. पुन्हा मारली. नाही वळला. ऐकू आलं होतं त्याला. मान ताठ झालेली मला मागून दिसली.

घरी आल्यावर फाउस्तोने त्याची पाठ थोपटली.

६ एप्रिल

आज भांडले. सगळं काढलं.

विल्किन आठ वर्षांचा असतानाची मॅच. शेवटचा डाव. तो धावत घरच्या बेसवर आला, धुरळाच धुरळा, अंपायरने हात पसरले — पोचला! आमची वस्ती जिंकली. सगळे नाचायला लागले नि हा पोरगा कपडे झटकत अंपायरकडे गेला. "काका, मी आउट आहे. त्याने चेंडू लावला माझ्या पाठीला." आम्ही हरलो. पोरांनी त्याला दगड मारले असते, पण फाउस्तोने मैदानात जाऊन त्याला खांद्यावर घेतलं. वर्षभर ज्याला त्याला सांगत होता. रोज मैदानात पोरं गोळा करून त्यांच्या आईबापांसमोर म्हणायचा, बॅट कुणीही फिरवेल, पण ह्याच्यासारखं बोलायला छाती लागते.

मी म्हटलं, "आठवतं का? की तेही बोटीतून गेलं?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तो खेळ होता, नेरेइदा. हे पोट आहे."

विल्किन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

२५ मे

मातृदिन. दारिएलाने कागदाचं फूल दिलं. मी खरी फुलं घेऊन एलियासकडे गेले. दरवर्षी जाते.

क्रूस नाही.

लोखंडी होता, फाउस्तोच्या मित्राने कारखान्यात जोडून दिलेला. नाव कोरलेलं, दोन तारखा. बुडाशी करवतीने कापलाय. चकचकीत खुंट राहिलाय बोटभर. माती सारखी केलीय, वर गवताचे गड्डे आणून लावलेत — काळजीने! हे बघून जास्त रडू आलं.

फाउस्तोला विचारलं. त्याने चागोकडे बघितलं. चागो म्हणाला, "क्लबचे तपासनीस स्मशानातही जातात, बाई. मागच्या वर्षी एकाचं बिंग तिथेच फुटलं."

फुलं कुठे ठेवायची कळेना. घरी घेऊन आले. मग शेजारच्या मिलाग्रोसला दिली.

११ जून

चागोने केक आणला. सोळा मेणबत्त्या. फोटो लागतात म्हणे, पुराव्याला. वस्ती जमली, गाणं झालं. जुन्या लोकांना सगळं ठाऊक आहे, तरी गात होते. उद्या त्यांच्या पोरांसाठी आम्ही गाऊ, असा हिशेब. मिलाग्रोस तेवढी माझ्याकडे बघत नव्हती.

विल्किनने फुंकर मारली. टाळ्या!

मी मागे जाऊन ओकले. मागोमाग तो आला, पाणी घेऊन. म्हणाला, "मलाही घास गेला नाही." मग म्हणाला, "आई, मला त्याचा चेहराच आठवत नाही. एका खाटेवर झोपायचो ना आम्ही? फक्त पाय आठवतात. गार पाय लावायचा माझ्या पोटाला."

मी त्याला चेहरा सांगितला. भुवया, पुढचा तुटका दात, सगळं. तो ऐकत होता. आणि ऐकता ऐकता मला वाटलं — हा आठवण ऐकतोय की पाठ करतोय?

देवा, मी काय लिहितेय हे.

१९ जून

तपासनीस आली. बाई निघाली! राजधानीची, पन्नाशीची, साध्या चपला. तिला हिरवी केळी उकडून कुस्करून, वर तळलेलं चीज घालून वाढलं. "आईच्या हातची चव," म्हणाली. शाळेत जाऊन आली होती, चार घरं फिरून आली होती, शेवटी माझ्याकडे.

"आणि मोठा?"

मी पाठ केलेलं सांगितलं. बोट. पत्ता नाही.

"शेवटचं कधी पाहिलंत त्याला?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. मी आठवायला लागले, आणि आठवला एलियास. चादरीत गुंडाळलेला, एक पाय बाहेर. मी पाय आत घातला होता. मी म्हटलं, "सकाळी. झोपल्यासारखा होता." नि मग मला आवरेना. बाराही वर्षांचं एकदम बाहेर आलं. ती बाई उठून माझ्याजवळ बसली, माझा हात धरला. तिचेही डोळे भरले. फाईल मिटली.

चागो नंतर म्हणाला, "वा! अशी आई पाहिली नाही."

माझं रडणं खरं होतं, म्हणून खोटं खपलं.

२ जुलै

क्लबच्या करारावर सही झाली. टोपी, शर्ट, फोटो. शर्टाच्या पाठीवर आडनाव असतं हे बरं — ते तरी त्याचं आहे. फाउस्तो लहान मुलासारखा रडला. पैशाचा आकडा ऐकला. इथे लिहीत नाही.

७ जुलै

विल्किन क्लबच्या अकादमीत राहायला गेला. तीन तासांचा रस्ता. जाताना दारिएलाला उचलून घेतलं. ती त्याच्या कानात म्हणाली, "एलियास." इथे परकं कुणी नव्हतं, तरी! त्याने तिला खाली ठेवलं.

१० ऑगस्ट

नवा पाद्री आलाय, त्याला बोटीचीच गोष्ट ठाऊक. आज प्रार्थनेत समुद्रात हरवलेल्यांची नावं वाचली. त्यात विल्किनचं वाचलं. मी गुडघ्यांवर होते. उठून ओरडावंसं वाटलं — जिवंत आहे तो!

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

१२ ऑगस्ट

दारिएला विचारत होती, "विल्किन बुडाला का?"

मी म्हटलं, "अगं वेडे, विल्किन अकादमीत आहे."

"तो एलियास."

तिला जवळ घेऊन नीट सांगायला बसले. ती हात सोडवून पळाली. "गोळी कट करशील! मला फसवतेस!"

२४ ऑगस्ट

रविवारचा फोन. विल्किनचा आवाज बसका. जेवण चांगलं आहे, हात चांगला आहे, चेंडूचा वेग चौऱ्याण्णव मैल भरला. मग दारिएलाची चौकशी, दोनदा तीच.

"काय रे?"

"काही नाही. काल वर्ग होता. सरांनी एकेकाला उभं केलं — बेसबॉलने तुला काय शिकवलं, सांग. कुणी म्हणालं शिस्त, कुणी म्हणालं हरायला शिकवलं. माझी पाळी आली. मला काही सुचेना, आई. म्हटलं, नाव सांगायला शिकवलं."

"मग?"

"सगळे हसले. त्यांना वाटलं गंमत केली."

मी म्हटलं, "विल्किन." मुद्दाम. त्याच्या नावाने.

मग म्हणाला, "इथे नको, आई. कुणी ऐकेल." नि ठेवला.

२६ ऑगस्ट

ठरवलं. फाउस्तोला सांगणार नाही. सांगितलं तर तो माझे पाय धरेल, नि मी पाय धरलेल्या माणसासमोर टिकत नाही. मी कचेरीत जाऊन एलियासचा मृत्यू लिहून येणार. पुढे पोराचं काय होईल, मला ठाऊक आहे. तो मला माफ करणार नाही, कदाचित कधीच नाही. पण मेलेला मेलेला राहू दे नि जिवंत जिवंत. ह्याहून जास्त मला कळत नाही.



२८ ऑगस्ट

शाळेत मी स्वयंपाक करते, तिथे सुटी घेतली. पहिल्या गाडीने गेले. रांगेत माझा नंबर अकरावा.

कारकुनाने नाव विचारलं, तारीख विचारली, वही उघडली. चष्म्यावरून बघितलं.

"ह्याचा अर्ज कालच आलाय, बाई. उंच पोरगा होता, पाठीला पिशवी. बारा वर्षं उशीर म्हणजे कोर्टाचा शिक्का लागेल, म्हटलं तर म्हणाला, लागू दे, थांबतो." त्याने कागद माझ्याकडे फिरवला. मृताचं नाव, एलियास. वय, चार. खबर देणारा, भाऊ. खाली सही — विल्किन. वय, एकोणीस. तोच वेडावाकडा 'व', तिसरीतल्यासारखा.

"तुम्ही ह्यांतल्या कुणाच्या कोण?" कारकुनाने विचारलं.

मी म्हटलं, "दोघांची आई."