जाऊन राहिली

ती. ताईस,

आसगावहून, लक्ष्मणरावांच्या अंगणातल्या बाजेवर बसून तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझी शुगर, भावोजींचा गुडघा आणि तुमचं दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. मी खुशाल आहे. (असं लिहायचंच असतं म्हणून लिहिलं.) फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस, आणि या प्रकरणात पहिल्याच वाक्यावर थांबणं बरं नाही.

मनिषने परस्पर ठरवून टाकलेल्या मुलीचं गाव, घर आणि माणसं बघून यायला तू मला पुण्याहून इतक्या लांब धाडलंस. 'तुला माणसं बरोबर कळतात' हे तुझेच शब्द. तर निकाल आधीच देऊन टाकतो : हे स्थळ आपल्याला शोभणारं नाही. आपणच सभ्यपणे नकार कळवावा.

आता सविस्तर. भंडाऱ्याहून एसटीने पवनी आणि पवनीहून आसगाव. तुझा चिरंजीव पवनीत खोली घेऊन राहतो आणि कालव्याच्या कामावर जातो, हे तुला ठाऊकच आहे. मुलगी, म्हणजे हर्षा, पवनीच्याच एका कॉलेजात शिकवते आणि रोज आसगावहून स्कूटरने ये-जा करते. (त्या 'ये-जा'वरच पुढे सगळं अडलं, जरा धीर धर.) दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा भाऊ धर्मेंद्र मला मोटरसायकलवर घालून 'पाहण्यासारखं' दाखवायला निघाला. आधी पवनीचा किल्ला. किल्ल्याचा दरवाजा उत्तम आहे, आत शिरल्यावर किल्ला शोधावा लागतो. मग जुन्या स्तूपाचे अवशेष. तिथे मी अर्धा तास विटांकडे आदराने बघितलं, नंतर कळलं की त्या शेजारच्या घराच्या बांधकामाच्या होत्या. शेवटी गोसीखुर्दचं धरण. मला वाटलं, नौकाविहार असेल, भजी असतील, निदान एखादा बाक असेल. धर्मेंद्रने पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "थे आमच्या मामाचा गाव." मी म्हटलं, कुठे? म्हणाला, "खाली." मी फोटो काढला, अर्थात पाण्याचाच आला. शेजारी नागपूरची एक मंडळी त्याच पाण्याकडे पाठ करून ओठांचा चंबू करून सेल्फी घेत होती. धर्मेंद्र त्यांना म्हणाला, "जरा बाजूले सरका, लय मस्त येते." मी त्याला विचारलं, इथे चहा कुठे मिळतो?

दुपारी परतलो तर घरात सामसूम. ओसरीवर मुलीचे वडील लक्ष्मणराव एकटेच सुतळी वळत बसलेले. मी सहज विचारलं, हर्षा दिसत नाही? तर ते शांतपणे म्हणाले, "हर्षा मनिषसंगं पवनीले जाऊन राहिली."

ताई, तू असतीस तर तिथेच खाली बसली असतीस. जाऊन राहिली! आपल्या मनिषबरोबर! त्याच्या त्या खोलीत! मी घसा साफ करून विचारलं, कधीपासून? म्हणाले, "हे का, आत्ताच." तुमची संमती आहे? "मीच म्हनलो, जाय. तिची मायबी जाऊन राहिली होती, मंग मी थांबवलो. पाहुन्याले जेवाले कोन वाढन?"

म्हणजे मुलगी राहायला गेली, आईही गेली होती, आणि ती परत आली ती केवळ मला वाढायला! मला आधी धक्का बसला, मग कौतुक वाटू लागलं. (मी पुण्यातला असलो तरी मोकळ्या मनाचा आहे, हे तू कधी मान्य केलं नाहीस.) संध्याकाळी मला भेटायला भावकीतली म्हातारी मंडळी अंगणात जमली. हर्षाची आई सुशीलाबाई चहा देत होत्या. मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी चार शब्दांवर थांबत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, जे धाडस आम्हा पुणेकरांना जमलं नाही, ते या झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याने करून दाखवलं. लग्नाआधीच पोटच्या मुलीला मुलाच्या खोलीवर राहायला पाठवलं, आणि आईनेही सोबत जाऊन राहण्याची तयारी दाखवली! एवढं बोलून मी टाळ्यांची वाट पाहत थांबलो.

टाळ्या नाहीत. सुशीलाबाईंच्या हातातली किटली कललेली, चहा सांडतोय आणि कोणी 'अगं सांडतोय' म्हणेना. आणि नेमकी तेव्हाच फाटकातून हर्षा आणि मनिष आत आली, हातात माशांची पिशवी. माझ्यासाठी मासे आणायला गेली होती. मनिष सगळ्यांदेखत ओरडला, "मामा, इकडे 'जाऊन राहिली' म्हणजे 'जाते आहे'! आम्ही निघतच होतो तेव्हा, ती मागच्या दारात स्कूटर काढत होती!" (हे निघण्यापूर्वी सांगायला काय झालं होतं? चूक असलीच तर व्याकरणाची आहे, आणि तीही त्यांच्या.)

लक्ष्मणराव उठून आत गेले. मासे मात्र जेवणात होते, उत्तम होते, आणि वाढणाऱ्यांपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. असं घर आपल्याला शोभणार नाही, एवढंच माझं म्हणणं. भावोजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
धाकटा भाऊ

ता. क. 'आपण नकार कळवावा' असं वर लिहिलंय, ते जरा इकडचं तिकडे झालं. नकार त्यांनी दिलाय. काल रात्रीच. लक्ष्मणराव म्हणाले, "ज्या घरात माह्या पोरीबद्दल असं मनात येते, त्या घरी पोरगी नाही द्याची." खरं सांगतो ताई, मला फार लाज वाटली.

ता. क. २. मनिष माझ्याशी बोलत नाही. लग्न करीन तर हिच्याशीच, एवढंच मला ऐकू येईल अशा आवाजात भिंतीला सांगतो. आणि पोरगी खरंच फार चांगली आहे गं. सकाळी मला चहा तिनेच आणून दिला, समोर बसली, आणि आपल्या मराठीपेक्षा शुद्ध मराठीत तिने विचारलं, "मामा, तुमच्याकडे सगळेच असे आहेत का?" बापाला समजवायचं की नाही, हे ती त्या उत्तरावर ठरवणार आहे. मी म्हटलं, नाही गं बाई, फक्त मीच. तेव्हा मिळेल त्या गाडीने तू स्वतः ये, आणि हात जोडून एवढं खरं करून दाखव.