बाबांचं घर कोणी बांधलं

ओबुरा काका,

आईला तुमच्या अंगणात जावं-यावं लागेल, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. माणसाला गावी पुरण्याआधी तिथे त्याचं घर उभं असावं लागतं, हा आपला रिवाज मला मान्य आहे. पण बाबा गेले त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "लोकांच्या पोरी नाचवत बसला, घर कधी बांधणार?"

बाबा किसुमू शहरात त्यांना व्हॉलीबॉल शिकवत होते. आईची रात्रपाळी असली की आम्हा बहिणींच्या वेण्याही तेच घालायचे.

किसुमूहून त्याच पोरी आल्या. त्यांनी खांब रोवले, माती लिंपली, पत्रे ठोकले. तुम्ही आंब्याखाली बसून विचारलंत, "काय गं, जाळी कुठे बांधणार?"

आणि दफनाच्या वेळी माइक हातात घेऊन सांगितलंत, "भावासाठी हे घर मी उभं केलं."

पोरी मान खाली घालून ऐकत राहिल्या. सामन्यात पंचांशी वाद घालायचा नाही, हे बाबांनी त्यांना शिकवलं होतं. मलाही शिकवलं होतं, म्हणून मीही गप्प बसले.

पण काका, तुम्ही पंच नव्हतात.

तुमच्या भावाची थोरली,
अपोंडी